उमेदवाराचा फोटो

सत्त्याण्णव सालच्या निवडणुकीचे दिवस होते. भोकरदनच्या बाजारपेठेत वामनरावांचा छापखाना होता आणि तिथल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर शरयू बसायची. बी.एस्सी. झालेली, जालन्याला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, तोंडानं फटकळ. वडील तहसीलीत होते, त्यांच्या ओळखीनं तिला काम लागलं होतं. त्यामुळं वामनराव तिला घरचीच मुलगी म्हणायचे आणि घरच्या मुलीवर ओरडतात तसे ओरडायचे. शरयूला कामापेक्षा त्या ‘घरच्या’पणाचा जास्त संताप यायचा.

पंचायत समितीचा जांभूळखेडा गण त्या खेपेला महिलांसाठी राखीव झाला. तिथले बद्रीनाथ कैक वर्षांपासून उभं राहायची तयारी करून बसले होते. सोसायटीत त्यांचं वजन, चार गावांत पाहुणे. जागा राखीव झाल्यावर त्यांनी बायकोचा अर्ज भरला आणि पत्रक छापायला भोकरदनला आले. पाकिटातून त्यांनी दोन फोटो काढले. एक स्वतःचा, स्टुडिओतला, फेटा बांधलेला, हात जोडलेला. दुसरा कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कात्रीनं कापलेला, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचा. कडेला शेजारणीचा अर्धा खांदाही आला होता.

“ह्यो मोठा टाका,” स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले. “अन् ह्यो बारका, खाली कोपऱ्यात. मधात आपली निशाणी, कपबशी.”

“उमेदवार कोण आहे?” शरयूनं विचारलं.

बद्रीनाथ हसले. “कागदावर ती हाय.”

“पत्रकसुद्धा कागदाचंच असतं.”

“शरयू!” वामनराव आतून ओरडले. “बद्रीभाऊ सांगतात तसं कर.”

तिनं फोटो स्कॅनरवर आपटल्यासारखे ठेवले.

छापखान्यात रंग एकच, काळा. शाई एक तर लागते नाहीतर लागत नाही, राखाडी शाई नसते. चेहरा मात्र सगळा राखाडीच असतो. म्हणून स्कॅन केलेली फाइल छपाईआधी बदलून घ्यावी लागायची. त्यासाठी औरंगाबादहून फ्लॉपीवर आणलेला एक छोटा प्रोग्राम होता. त्याला ना चित्रं, ना बटणं, ना माउसचं काम. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा: प्रोग्रामचं नाव, फाइलचं नाव, पुढं एक आडवी रेघ देऊन एखादं अक्षर आणि आकडा. एका अक्षरानं तो चित्राचा उजेड आणि अंधार मधोमध तोडायचा, अलीकडचं सगळं पांढरंफेक, पलीकडचं सगळं काळंकुट्ट. सह्या, शिक्के, निवडणुकीची चिन्हं यांना ते अक्षर बरोबर. दुसऱ्या अक्षरानं तो राखाडीचे बारीक ठिपके करायचा, उजेडात विरळ, सावलीत दाट, की लांबून पाहिल्यावर चेहरा दिसावा. पण त्याला प्रत्येक चेहऱ्यासाठी आकडा वेगळा द्यावा लागे आणि तो सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा हुकूम टाइप करावा लागे.

निवडणुकीच्या गर्दीत वामनरावांना तेवढा दम नव्हता. पहिल्या अक्षराचा हुकूम त्यांनी एका फाइलीत लिहून ठेवला होता. ती एकदा चालवली की फोल्डरमधली सगळी चित्रं एका फटक्यात बदलून बाहेर पडायची, चिन्हंही आणि माणसंही.

“काका, ह्या बाईंचा फोटो वेगळा करते. सावळ्या आहेत, त्यात पदराची सावली. सगळं काळं होईल.”

“सगळ्यांना एकच हुकूम. बाहेर गाड्या थांबल्यात.”

“दहा मिनिटं लागतील.”

“तुला कॉम्प्युटर येतो हे गावाला माहीत आहे. आता काम कर.”

दात आवळून शरयूनं हुकूम चालवला. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट निघाली. बद्रीनाथांचा गोरा चेहरा, पांढरा फेटा, काळी मिशी, सगळं ठसठशीत. कपबशी तर कोरल्यासारखी. आणि खाली कोपऱ्यात एक काळा डाग, त्याला पदराचा पांढरा काठ. डोळे नाहीत, नाक नाही. शरयूनं तो कागद उजेडात धरला. तिला दिसलं. बोलून काय उपयोग, असं मनाशी म्हणून तिनं तो कागद छपाईचं मशीन चालवणाऱ्या कारभारीकडं दिला. कारभारीनं प्लेट केली आणि पत्रकं धडाधड छापून निघाली.

पत्रकं गावात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यासमोर जीप थांबली. मागच्या बाजूनं दोन बाया उतरल्या. पुढची उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळाला मोठं कुंकू. काखेत पत्रकांचा गठ्ठा. मागची बुटकी, ती झुंबरबाई, पहिलीची जाऊ. पायरी चढून पहिलीनं गठ्ठा वामनरावांच्या टेबलावर असा आपटला की शाईचा डबा हलला.

“कोणं छापलं हे?”

“या वहिनी, बसा,” वामनराव म्हणाले. “आपण?”

“वळखलं न्हाई ना? कसं वळखसाल! मी उमेदवार हाय. द्वारकाबाई.” तिनं एक पत्रक त्यांच्या नाकासमोर धरलं. “दाखवा मी कुठं हाय ती. कपबशीचा कान दिसून राह्यला, अन् माहं नाक न्हाई! पोरं विचारून राह्यली, काकू, तुमी कोणत्या? कपबशीच्या वरच्या की खालच्या? पारावर गडी खिदळून राह्यले. मी असं काय तोंड काळं केलं कुठं, म्हणून तुमी माहं तोंड काळं करून चार गावांत वाटलं?”

रस्त्यावरची माणसं थबकून बघायला लागली. वामनराव उठून उभे राहिले. आवाज मऊ करून म्हणाले, “वहिनी, फोटोच तसा होता. आता माणसाचा रंगच... त्याला आम्ही काय करणार?”

मग द्वारकाबाई अगदी हळू म्हणाल्या, “रंग?”

“म्हणजे तसं नाही—”

“उन्हात राबून झालेला रंग हाय हा. तुमच्या घरात पीठ जातं ते ह्याच रंगाच्या हातचं. रंगाचं नाव घेता?”

“फोटोत काही खोट नव्हती,” शरयू आतून म्हणाली.

वामनराव गर्रकन वळले. “तू गप्प बस.”

“नाही बसत. मावशी, इकडं या.”

तिनं स्कॅनची मूळ फाइल उघडली. लग्नातला तो कापलेला फोटो पडद्यावर भला मोठा झाला. पदराखाली रुंद कपाळ, नाकात मोरणी, ओठांच्या कडेला हसू दाबल्याची घडी. द्वारकाबाई वाकून पाहत राहिल्या. एवढं मोठं आपलं तोंड त्यांनी आरशातही पाहिलं नसावं. झुंबरबाई म्हणाली, “अगं माय, बराबर तूच हाय की!”

“मशीनमधी तं दिसून राह्यलं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मंग कागदावर काहून आलं न्हाई?”

शरयूनं सांगितलं. दोन अक्षरं, दोन तऱ्हा, चिन्हासाठीचा हुकूम माणसावर फिरवला तर काय होतं ते. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पडद्यावरून नजर काढून त्यांनी शरयूकडं पाहिलं.

“म्हणजे छपायच्या आंदीच हे काळं झाल्तं.”

“हो.”

“तुला दिसलं न्हाई का?”

शरयूच्या तोंडात ‘नाही’ आलं होतं. पण त्या बाईसमोर ते बाहेर पडेना.

“दिसलं होतं.”

“अन् तरी दिलं छापायला?”

“काका म्हणाले—”

“काका म्हणाले!” द्वारकाबाईंचा आवाज आता वरच्या पट्टीत गेला. “मलाबी आमचे म्हणले, तू निसता अंगठा लाव. म्या म्हणलं, मला सही येते. सातवी शिकलेली हाय मी. तू तं माह्यापरीस किती शिकली, मशीन तुह्या हातात, अन् तूबी काका म्हणाले? मंग त्या शिक्षणाला काय जाळायचं?”

शरयूला राग आला, बाईचा आला, वामनरावांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, पण स्वतःवर ओरडायची सोय नव्हती. तिनं खुर्ची मागं ढकलली.

“नवीन छापून देते. आत्ता. पण हा फोटो लहान आहे, मोठा छापला की धूसर होतो. समोरच्या स्टुडिओत बसा आणि नवा काढून आणा. तासाभरात देईल तो, माझं नाव सांगा.”

“शरयू, कुणाला विचारून?” वामनराव म्हणाले.

“उमेदवाराला,” शरयू म्हणाली.

कारभारी मशीनमागून हसल्याचा आवाज आला. वामनराव काही बोलणार होते, पण दारात जमलेल्या माणसांकडं पाहून ते चहा सांगायला निघून गेले.

द्वारकाबाई फोटो घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कानशिलाला पावडर लागलेली होती. “लावत होता मेला,” झुंबरबाईनं सांगितलं, “हिनं पदरानं पुसली अन् त्यालाच झापलं.” फोटो चांगला होता. पदर मागं, मान ताठ, बाई सरळ समोर बघत होती.

शरयूनं दुसऱ्या अक्षराचा हुकूम टाइप केला आणि अंदाजानं उजेडाचा आकडा वाढवून दिला. प्रिंट निघाली. चेहरा स्पष्ट होता, पण फिकट, धुतल्यासारखा.

“ही कोण?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“कागद शाई पितो मावशी. ठिपके छापताना फुगतात. म्हणून आधी जरा उजळ करावं लागतं.”

“जरा म्हणली ना? ही तं पिठात पडल्यावानी झाली. माहा हाय तो रंग येऊ दे. मतदार मला वळखत्यात.”

शरयूनं आकडा उतरवला. पुन्हा हुकूम, पुन्हा प्रिंट. ही गालाशी काळी आली. पुन्हा. ही कारभारीला पसंत पडेना, “ताई, ह्या हलक्या कागदावर सगळं एक होईल,” म्हणाला. तिनं ठिपके जाड केले, तर चेहऱ्यावर देवीचे वण आल्यासारखे दिसले. द्वारकाबाई मागं उभ्या राहून एकेक नापास करत होत्या. “न्हाई.” “न्हाई, डोळा गेला.” “बिलकुल न्हाई.” शरयू बोटं आपटून तोच हुकूम पुन्हा टाइप करत होती, नुसता शेवटचा आकडा बदलत. एकदा तर ती ओरडली, “मावशी, जरा श्वास घेऊ द्याल का?” द्वारकाबाई म्हणाल्या, “आंदी घ्यायचा होता तो.”

दुपार कलली तेव्हा एक प्रिंट निघाली. कारभारीनं ती प्लेटवर चढवली आणि त्याच हलक्या कागदावर काढून ओलीच आणून दिली. सावळं तोंड, त्यात कपाळावरच्या आठ्या वेगळ्या, मोरणीचा खडा वेगळा. डोळे थेट बघणाऱ्यावर रोखलेले.

द्वारकाबाईंनी कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

“हां,” त्या म्हणाल्या. “ही मी.”

पत्रकावर दुसरा फोटो नव्हता. वर चेहरा, खाली कपबशी, मध्ये नाव. ‘श्रीमान बद्रीनाथ यांच्या सौभाग्यवती’ ही ओळ द्वारकाबाईंनी स्वतः खोडायला लावली. गठ्ठे जीपमध्ये टाकून त्या निघून गेल्या. शरयूला ‘येते’ म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच बद्रीनाथ आले. हातात तेच नवं पत्रक, चुरगळलेलं.

“वामनराव, हे कोणाच्या हुकमानं?”

वामनरावांनी नुसतं शरयूकडं पाहिलं.

“माह्या नावावर मतं पडत्यात,” बद्रीनाथ म्हणाले. “हिला कोण वळखतं? मोठं पोष्टर करा आता. माहा फोटो वर, आंदी होता त्याच्या दुप्पट. हिचा हा नवा टाका खाली, बारका. संध्याकाळपर्यंत पाहिजे. न्हाईतं सोसायटीची सगळी छपाई उद्यापासून जालन्याला.”

“होऊन जाईल बद्रीभाऊ, बसा तुम्ही,” वामनराव म्हणाले. “शरयू, घे करायला.”

“मी नाही करणार.”

“काय?”

“उमेदवाराला विचारून या. त्यांनी हो म्हटलं तर करते.”

“ती घरात विचारते मला,” बद्रीनाथ म्हणाले. “मी तिला विचारायचं?”

“निवडणूक घरातली असती तर तेही चाललं असतं. मतपत्रिकेवर त्यांचं नाव आहे.”

वामनराव तिच्या टेबलाशी आले. आवाज खाली, पण थरथरता. “लई झालं. काल गिऱ्हाइकासमोर शोभा केलीस, गिळून घेतलं. घरची मुलगी म्हणून—”

“मी घरची नाही!” शरयू उभी राहिली. तिचा आवाज फाटला आणि तिला त्याची फिकीर वाटली नाही. “मी कामाला आहे इथं. घरची असते तर मला बोलायची मुभा असती, का घरच्यांनासुद्धा नाही? परवा मी सांगितलं, डाग येईल. तुम्ही म्हणालात, कर. मी केलं. ती बाई माझ्यावर ओरडली, बरोबर ओरडली. तुमच्या वाटचंही मीच ऐकलं. आता पुन्हा नाही. हुकूम तुम्हाला येतो. बसा आणि टाइप करा.”

“चालती हो.”

“निघालेच आहे.”

तिनं डब्याची पिशवी उचलली. दाराशी कारभारी उभा होता, तो बाजूला झाला, आणि ती उन्हात उतरली. घरी वडिलांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला वामनरावांना तोंड दाखवायचं आहे रोज.” त्यावरही ती भडकली. दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

पोस्टरं त्याच संध्याकाळी छापून निघाली. वामनरावांनी आपला एकच हुकूम चालवला होता. बद्रीनाथांचा चेहरा त्या हुकुमावर छानच यायचा. खालच्या कोपऱ्यात पुन्हा डाग.

पुढचं शरयूला कारभारीकडून कळलं, तो जांभूळखेड्याच्या शेजारचाच. पोस्टरं गावोगाव लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई, झुंबरबाई आणि आणखी बाया खळीची बादली घेऊन निघाल्या. जिथं बद्रीनाथांचा चेहरा होता, तिथं बरोबर त्याच्यावर द्वारकाबाईंचं पत्रक चिकटवलं. फेट्याचा तुरा तेवढा वर राहिला. बद्रीनाथ पारावर येऊन बायकोला नाही नाही ते बोलले. ती बादलीतला हात न काढता म्हणाली, “बोला, माणसं ऐकून राह्यली. मतं जाऊन राह्यली तुमची.” त्यांनी प्रचार सोडला आणि पाहुण्यांकडं जाऊन बसले. त्यांच्या माणसांनीही अंग काढून घेतलं. द्वारकाबाई दिवसभर पायी फिरल्या.

त्या पडल्या. फार मतांनी नव्हे, पण पडल्या.

शरयूनं उन्हाळ्यात तहसीलीमागच्या एका खोलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायला सुरुवात केली. जूनमध्ये क्लासमधल्या पोरींच्या कॉलेजप्रवेशासाठी जालन्याला निघाली असताना भोकरदनच्या स्टँडवर तिला द्वारकाबाई दिसल्या. सोबत कुणी नव्हतं. शरयू टाळून जाणार होती, पण त्यांनीच हाक मारली.

“ए पोरी! छापखान्यातली ना तू? माहं तोंड काळं करणारी?”

“हो मावशी,” शरयू म्हणाली. “तीच.”

“काम सोडलं म्हणं तू. आमच्यापायी?”

“नाही. मला राग आला होता म्हणून.”

“बरं केलं.” त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “पडल्याचं ऐकलं असंल.”

“ऐकलं.”

“घरात अजून तेच ऐकून राह्यले मी. माहा फोटो राह्यला असता तं तू निवडून आली असती. रोज. जेवताना, उठता, बसता. परवा म्या एकदाच सांगितलं. म्हणलं, पडले ना, माह्याच तोंडावर पडले. तुमच्या तोंडावर निवडून येण्यापरीस बरं. तव्हापासून बोलत न्हाईत.”

शरयूला हसू आलं. द्वारकाबाई हसल्या नाहीत.

“पण एक ध्यानात ठेव,” त्या म्हणाल्या. “तू नवं छापून दिलं ते चांगलं केलं. तरी पहिलं काळं तू दिसत असताना छापलं. ते मी इसरले न्हाई.”

“मीही नाही विसरले.”

“मंग ठीक.”

सिल्लोडची गाडी लागली. गर्दी दाराला भिडली. द्वारकाबाई कोपरानं वाट काढत चढल्या. शरयूनं खिडकीतून पाहिलं, बायकांच्या सीटवर एक धोतरवाला गडी पाय पसरून बसला होता, डोळे मिटून. द्वारकाबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज सगळ्या स्टँडभर ऐकू आला.

“ओ भाऊ! वर काय लिव्हलंय ते वाचता येतं ना? मंग उठा जल्दी.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळून सिल्लोडच्या रस्त्याला लागेपर्यंत तो गडी अजून उठला नव्हता, आणि आवाज अजून चालू होता.